दहा दिवसांत झालेली विमानवाहू

२०२० च्या सप्टेंबरात 'विराट' मुंबईहून अलंगच्या भंगार किनाऱ्याकडे ओढत नेली गेली, तेव्हा तिच्या दोन्ही आयुष्यांची उजळणी झाली. १९८७ पासून ती आपल्या नौदलात होती. त्याआधी तिचं नाव होतं 'एचएमएस हर्मिस', आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायचं महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये ठरवलं होतं. ते झालं नाही आणि विराट तुटली. तिच्याबद्दल मराठीत बरंच लिहून आलं. पण फॉकलंडच्या लढाईत हर्मिसच्या डेकवरून उडालेली काही विमानं तिच्यापर्यंत एका मालवाहू जहाजानं पोचवली होती, आणि ते जहाज परत आलं नाही, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. त्या जहाजाचं नाव 'अटलांटिक कन्व्हेयर'.

हे जहाज १९६९ मध्ये इंग्लंडातल्या टाइन नदीवर, स्वॉन हंटरच्या गोदीत पाण्यात उतरलं. मालक क्युनार्ड कंपनी. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या बंदरांत कंटेनर आणि मोटारगाड्या ने-आण करणं हा त्याचा धंदा. डेकवर कंटेनरच्या थप्प्या, आणि खाली गाड्या सरळ चालवत आत न्याव्यात असे मजले. आकारमान सुमारे पंधरा हजार टन, लांबी दोनशे मीटरहून जास्त. 'अटलांटिक कॉजवे' हे त्याचं जुळं भावंड. १९८२ च्या वसंतात धंदा मंदीत होता आणि कन्व्हेयर लिव्हरपूलला बांधून ठेवलं होतं.

२ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनानं फॉकलंड बेटं घेतली. ब्रिटनपासून तिथपर्यंत सुमारे आठ हजार मैल. वाटेत थांबायला काय ते असेन्शन बेट, विषुववृत्ताच्या थोडं खाली. ब्रिटिश नौदलाची अवस्था तेव्हा फार बरी नव्हती. मोठ्या, जुन्या वळणाच्या विमानवाहू नौका सत्तरच्या दशकात निकाली निघालेल्या. उरल्या होत्या हर्मिस आणि 'इन्व्हिन्सिबल'. 'इन्व्हिन्सिबल' ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरलं होतं, हर्मिसचेही फार दिवस राहिलेले नव्हते. दोघी मिळून दक्षिणेला निघाल्या तेव्हा त्यांच्यावर एकूण वीस सी हॅरियर होती. एवढ्या विमानांवर एका देशाच्या सगळ्या हवाई दलाशी झुंजायचं होतं. एखादं पडलं तर त्याच्या जागी दुसरं आणायचं कुठून, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

विमानं देशात होती. राखीव ठेवलेली, प्रशिक्षणाला लावलेली, कारखान्यातून नुकती निघालेली अशी गोळा करून ८०९ क्रमांकाचं स्क्वॉड्रन घाईघाईनं उभं केलं गेलं. त्यात आठ सी हॅरियर. शिवाय हवाई दलाची हॅरियर जीआर-३ ही जमिनीवरून उडणारी विमानं. त्यांनाही समुद्रावर न्यायचं ठरलं. पण न्यायचं कशावर? तिसरी विमानवाहू नौका नव्हती.

मग सरकारनं व्यापारी जहाजं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे मतदानाचं साहित्य न्यायला एसटीच्या गाड्या आणि खासगी जीपा अधिग्रहित करतात, तसाच हा प्रकार; ड्रायव्हर त्यांचाच, गाडी त्यांचीच, काम तेवढं सरकारचं. 'कॅनबेरा' आणि 'क्वीन एलिझाबेथ २' या प्रवासी जहाजांवरून सैनिक गेले. मासेमारीचे ट्रॉलर सुरुंग काढायला गेले. १४ एप्रिलला अटलांटिक कन्व्हेयरचं नाव आलं. १६ तारखेपासून डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत त्याच्यावर काम सुरू झालं.

काय केलं त्या दहा दिवसांत? जहाजाचा पूल, म्हणजे जिथून ते हाकतात ती उंच इमारत, मागच्या टोकाला होता. पुढचा लांबलचक डेक मोकळा. त्या डेकच्या दोन्ही कडांना कंटेनरच्या भिंती रचून जोडून टाकल्या, म्हणजे दक्षिण अटलांटिकचा वारा आणि उसळणारं पाणी मधल्या विमानांवर थेट येऊ नये. पुढे एक आणि मागे एक असे उतरण्याचे चौथरे केले. काही कंटेनरांत कार्यशाळा, काहींत सुटे भाग, काहींत राहण्याची सोय. विमानांचं इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन साठवायची व्यवस्था. हेलिकॉप्टरं चढली: सहा वेसेक्स आणि हवाई दलाची पाच अजस्र चिनूक. आतल्या मजल्यांवर तंबू, बॉम्ब, धावपट्टीसाठी अंथरायचे धातूचे पत्रे, पाणी गोडं करायची यंत्रं, हजारो माणसांना लागणारं सगळं किराणा-बोचकं. २५ एप्रिलला जहाज निघालं.

वेगाचं कौतुक करावं तेवढं थोडं. डेव्हनपोर्टच्या वेल्डरांनी ज्या गतीनं पोलाद कापलं आणि जोडलं त्याची नोंद युद्धाच्या इतिहासात आहेच. पण बदललं काय, ते बघायला हवं. बदलला तो डेक. त्याखालचं जहाज तसंच राहिलं.

युद्धनौकेचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं. एका ठिकाणी भोक पडलं तर पाणी आणि आग शेजारच्या कप्प्यात जाऊ नये म्हणून. गाड्या सरळ आत चालवत न्यायच्या जहाजाचं पोट याच्या अगदी उलट: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळं दालन. धंद्याच्या दृष्टीनं तेच त्याचं वैशिष्ट्य. आणि या जहाजावर स्वतःला वाचवायला जवळपास काही नव्हतं. चॅफसुद्धा नव्हतं. चॅफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्यांचा ढग. तो हवेत सोडला की येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या रडारला तोच जहाज वाटतो. तसं ते काही महागडं किंवा दुर्मीळ नव्हतं. पण व्यापारी जहाजावर संरक्षणाची युद्धसामग्री चढवणं कायद्यात बसतं का, यावर लंडनमध्ये खल झाला, आणि जहाज त्याच्याविनाच गेलं. ज्याच्या डेकवर लढाऊ विमानं आणि पोटात क्लस्टर बॉम्ब, त्याला शत्रू निरुपद्रवी मालवाहू जहाज समजेल, असं कुणाला खरंच वाटलं असेल? मला तरी तो खल कायद्यापेक्षा सवयीचा वाटतो. कागदावर ते व्यापारी जहाज होतं, म्हणून त्याचा विचारही व्यापारी जहाजासारखाच झाला.

व्यापारी जहाजं अशी बदलून वापरायची सवय जुनी होती. ब्रिटिशांपुरतं बोलायचं तर मालवाहू किंवा प्रवासी जहाजावर सपाट डेक चढवून त्याची विमानवाहू करायची कल्पना पहिल्या महायुद्धातली. १९१४ मध्ये स्कॉटलंडमध्ये एका इटालियन कंपनीसाठी 'कोंते रोसो' नावाचं प्रवासी जहाज बांधायला घेतलं होतं. युद्धात काम थांबलं, नौदलानं तो अर्धवट सांगाडा विकत घेतला, आणि १९१८ च्या सप्टेंबरात त्याचं 'आर्गस' झालं. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत अखंड सपाट डेक असलेली ती जगातली पहिली विमानवाहू नौका. पण आर्गसला वेळ मिळाला होता. घाईत झालेल्या जहाजांची गोष्ट वेगळी, आणि त्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे 'ऑडॅसिटी'.

ऑडॅसिटी मुळात जर्मन. नाव 'हॅनोव्हर', वेस्ट इंडीजहून केळी आणणारं साडेपाच हजार टनांचं नवंकोरं जहाज. १९४० च्या मार्चमध्ये ते नाकेबंदी चुकवून जर्मनीकडे पळायच्या बेतात होतं, तेव्हा पोर्टो रिको आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सामुद्रधुनीत ब्रिटिश क्रूझर 'डनेडिन' आणि कॅनडाची विनाशिका 'असिनीबॉइन' यांनी त्याला गाठलं. खलाशांनी जहाजाला आग लावली आणि तळाचे व्हॉल्व उघडले. ब्रिटिशांनी चढून पाणी थांबवलं, पण आग विझायला चार दिवस लागले. जमैकाला ओढत नेलेलं ते करपलेलं जहाज पुढे ब्लाइथच्या गोदीत गेलं. वरचं बांधकाम छाटून त्यावर सुमारे १४० मीटरचा डेक चढवला गेला. खाली विमानं ठेवायला हँगर नाही, वर-खाली न्यायला लिफ्ट नाही. सहा ग्रमन मार्टलेट लढाऊ विमानं उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभी. रात्री त्यांची देखभाल हातातल्या बॅटऱ्यांच्या मिणमिणत्या उजेडात व्हायची. वैमानिकांची मात्र चैन, कारण केळ्यांसोबत श्रीमंत प्रवासीही न्यायचं हे जहाज. त्यांच्या खोल्या आता या पोरांच्या वाट्याला आल्या होत्या. त्या पोरांत एक एरिक ब्राउन होता. पुढे तो जगातल्या सर्वांत नामांकित चाचणी-वैमानिकांपैकी एक झाला.

ऑडॅसिटीचं काम होतं जिब्राल्टर ते ब्रिटन येणाऱ्या-जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या तांड्यांवर छत्र धरणं. त्यांचा छळ करणारं जर्मन विमान फोके-वुल्फ कॉन्डॉर. गंमत अशी की कॉन्डॉरही मुळात प्रवासी विमान. १९३८ मध्ये त्यानं बर्लिनहून न्यूयॉर्कपर्यंत न थांबता उड्डाण केलं होतं. लष्करानं त्याच्यावर बॉम्ब आणि तोफा लादल्या, पण सांगाडा प्रवासी विमानाचाच. उतरताना त्याची कंबर मोडल्याच्या घटना बऱ्याच आहेत. म्हणजे अटलांटिकवर एक केळीवाहू जहाज आणि एक प्रवासी विमान, दोघंही उसन्या वेषात, एकमेकांशी झुंजत होती. वेष घेण्यात ऑडॅसिटी सरस ठरली. सप्टेंबर ते डिसेंबर १९४१ च्या जेमतेम चार महिन्यांत तिच्या मार्टलेटांनी अनेक कॉन्डॉर पाडली.

डिसेंबरात एचजी ७६ हा तांडा जिब्राल्टरहून निघाला. बत्तीस जहाजं, राखणीला कमांडर फ्रेडरिक जॉन वॉकर. पाणबुड्यांची शिकार करण्यात त्याच्याइतका निष्णात माणूस ब्रिटिश नौदलात दुसरा नसेल. ऑडॅसिटीच्या विमानांनी आकाशातून पाणबुड्या हेरायच्या, वॉकरच्या नौकांनी त्यांच्यावर तुटून पडायचं, असा मेळ जमला. १७ डिसेंबरला यू-१३१ बुडाली. तिच्यावर झेपावणारा एक मार्टलेट वैमानिक मात्र गोळी लागून मेला. पुढच्या चार दिवसांत आणखी पाणबुड्या गेल्या. तांड्यातली बुडालेली मालवाहू जहाजं फक्त दोन. पाणबुडीदलाचा प्रमुख डोनित्झ यानं नंतर त्या विमानवाहू जहाजाचा उपद्रव मोकळेपणानं मान्य केला.

२१ डिसेंबरच्या रात्री ऑडॅसिटी नेहमीप्रमाणे तांड्याबाहेर गेली. रात्री तिला विमानं उडवता येत नव्हती, आणि तिचा कप्तान मॅकेंड्रिक याला जहाजांच्या गर्दीत अडकून राहायचं नव्हतं. वॉकरला तिचं ते ठिकाण पसंत नव्हतं. पण मॅकेंड्रिक सेवेत त्याच्यापेक्षा ज्येष्ठ. त्याला सांगता येतं, हुकूम देता येत नाही. सोबतीला द्यायला राखणीची नौकाही मोकळी नव्हती. त्याच रात्री तांड्यातल्या एका जहाजाला टॉर्पेडो लागला आणि कुणीतरी घाबरून प्रकाशगोळे सोडले. त्या लख्ख उजेडात ऑडॅसिटीची आकृती यू-७५१ ला स्पष्ट दिसली. पहिल्या टॉर्पेडोनं इंजिन-घर पाण्याखाली गेलं, नंतरच्यांनी तिचा पुढचा भाग उडवला. डेक कलला तशी उघड्यावर बांधलेली विमानं सुटून माणसांवर घसरली. ७३ जण गेले. मॅकेंड्रिकही वाचला नाही. एरिक ब्राउन पाण्यातून वाचला.

ऑडॅसिटीपासून ब्रिटिशांनी जे शिकायचं ते पटकन शिकलं. हँगर हवा, लिफ्ट हवी, आणि जहाजं संख्येनं पुष्कळ हवीत. अमेरिकेनं मालवाहू जहाजांच्या सांगाड्यांवर छोट्या विमानवाहूंची रांगच लावली. मधल्या काळात ब्रिटिशांनी धान्यवाहू आणि तेलवाहू जहाजांवर डेक चढवले. अशी १९ जहाजं झाली. यांची मजा अशी की ती माल नेणं थांबवत नव्हती. पोटात गहू किंवा तेल, डोक्यावर तीन-चार स्वोर्डफिश विमानं. जहाज व्यापारी कप्तानाच्या ताब्यात, वर व्यापारी ताफ्याचा लाल झेंडा. नौदलाचे वैमानिक त्याच्या जहाजावरचे पाहुणे. काही पोरांनी तर विमानाच्या अंगावरचं 'रॉयल नेव्ही' पुसून 'मर्चंट नेव्ही' लिहून टाकलं होतं. त्या १९ पैकी एकही शत्रूच्या हातून बुडालं नाही. पण तोवर, १९४३ नंतर, अटलांटिकची लढाईच फिरली होती, हेही सांगायला हवं.

त्याहीआधी एक अघोरी उपाय करून पाहिला होता. मालवाहू जहाजाच्या नाळेवर उडवणीची पट्टी बसवायची आणि तिच्यावर एक हरिकेन विमान. कॉन्डॉर दिसलं की रॉकेटच्या धक्क्यानं हरिकेन उडवायचं. उतरायला जागा नाहीच. वैमानिकानं लढून झाल्यावर समुद्रात उडी मारायची आणि जवळच्या जहाजानं त्याला उचलायचं. अशी ३५ जहाजं होती. प्रत्यक्ष लढाईसाठी उड्डाणं झाली ती थोडीच, आणि बहुतेक वैमानिक वाचलेही, हे ऐकून आश्चर्य वाटतं. विमान मात्र बहुतेक वेळी समुद्राला द्यावं लागे.

आता पुन्हा १९८२. कन्व्हेयरवरही दोन कप्तान होते. जहाजाचा व्यापारी कप्तान इयान नॉर्थ, वय ५७, पांढरी भरघोस दाढी, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांपासून समुद्रावर. नौदलाकडून आलेला वरिष्ठ अधिकारी कॅप्टन मायकेल लेयार्ड. कागदावर असे दोन म्होरके असले की कटकट ठरलेली. इथे मात्र दोघांचं चांगलं जमलं, आणि पुढे लेयार्डनं नॉर्थबद्दल फार आपुलकीनं बोलून ठेवलं आहे. एक चिनूक असेन्शनला उतरवलं, आणि तिथेच मे महिन्याच्या सुरुवातीला हॅरियर आली. विमानं सरळ उभी उतरतात, त्यामुळे धावपट्टीची अडचण नव्हती. आठ सी हॅरियर, सहा जीआर-३. एकेक उतरलं, ढकलत मागे नेलं, खाऱ्या हवेपासून वाचवायला त्याला प्लास्टिकच्या कातड्यासारख्या आवरणात गुंडाळलं. डेकवर जागा इतकी कमी की पुढच्या चौथऱ्याशिवाय सगळं भरून गेलं. त्या चौथऱ्यावर एक सी हॅरियर मात्र उघडं, सज्ज ठेवलं होतं. अर्जेंटिनाचं टेहळणी विमान आलं तर ते उडवायचं. म्हणजे काही दिवस तरी हे कंटेनर-जहाज खरोखरच्या अर्थानं विमानवाहू होतं. पण ती क्षमताही अपुरीच. हॅरियर सरळ वर उडालं की इंधन भरभर संपतं.

१८ मेच्या सुमारास कन्व्हेयर मुख्य ताफ्याला मिळालं आणि विमानं उडून गेली. जीआर-३ हर्मिसवर, सी हॅरियर हर्मिस आणि इन्व्हिन्सिबल यांच्यात वाटून. २१ मेला सॅन कार्लोसच्या खाडीत ब्रिटिश सैन्य उतरलं, त्या दिवसांत वरती हॅरियरची संख्या दीडपट होती, ती या जहाजामुळे. त्याचं निम्मं काम इथे पूर्ण झालं. उरलं होतं ते निम्मं पोटात: हेलिकॉप्टरं, तंबू, बॉम्ब, धावपट्टीचे पत्रे. २५ मेच्या रात्री खाडीत शिरून ते उतरवायचं ठरलं होतं.

२५ मे हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी सकाळपासून हल्ले चालू होते. विनाशिका 'कोव्हेंट्री' बॉम्बांनी बुडाली. अर्जेंटिनाकडे विमानातून सोडायची एक्झोसेट क्षेपणास्त्रं होती फक्त पाच. दोन ४ मेला 'शेफील्ड'वर खर्च झाली होती. त्या दुपारी रिओ ग्रांदेहून दोन सुपर एतांदार विमानं उडाली. वैमानिक रोबेर्तो कुरिलोविक आणि हुलिओ बारासा. हवेत इंधन भरून घेत, लांबचा वळसा घालून ती उत्तरेकडून आली आणि दोन्ही एक्झोसेट सोडून परतली. त्यांना हव्या होत्या विमानवाहू नौका. ब्रिटिश युद्धनौकांनी रडारवर विमानं पाहिली, इशारा दिला, चॅफचे ढग सोडले. फ्रिगेट 'अम्बस्केड' त्यात सर्वांत जवळ. क्षेपणास्त्रांची रडारं तिच्यावरून फसली आणि पुढे निघाली. पुढे होतं अटलांटिक कन्व्हेयर. त्याच्याकडे चॅफ नव्हतं.

तडाखा डाव्या बाजूला, मागच्या अंगाला बसला. आत मोकळी दालनं, इंधन, गाड्या. आग आणि काळा धूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला. आग विझवायच्या यंत्रणेचा उपयोग झाला नाही. अर्ध्या-पाऊण तासात जहाज सोडायचा निर्णय घ्यावा लागला. माणसं दोरांच्या शिड्यांवरून बर्फाळ पाण्यात उतरली. 'अलॅक्रिटी' आगीच्या ज्वाळांजवळ येऊन तराफे ओढत होती. वरून हेलिकॉप्टरं माणसं उचलत होती. त्यांतल्या एकावर राजपुत्र अँड्र्यू सहवैमानिक होता. नॉर्थ आणि लेयार्ड सर्वांत शेवटी उतरले. पाण्यात लेयार्डनं नॉर्थला तराफ्याकडे ढकलायचा प्रयत्न केला; तो लाटांत दिसेनासा झाला. बारा माणसं गेली. नॉर्थला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. जळणारं जहाज तीन दिवस तरंगत राहिलं आणि २८ मेला ओढून नेताना बुडालं.

त्याच्यासोबत गेलं ते मोजायला हवं. सहा वेसेक्स, तीन चिनूक आणि एक लिंक्स. साडेचार हजार माणसांचे तंबू. सुटे भाग, अवजारं, उतरण्याची पट्टी अंथरायचं साहित्य. एक चिनूक तेवढं चाचणी-उड्डाणावर हवेत होतं, ते हर्मिसवर जाऊन उतरलं. 'ब्राव्हो नोव्हेंबर' नावानं ते पुढे प्रसिद्ध झालं. ना सुटे भाग, ना अवजारं, ना देखभालीच्या पुस्तिका, अशा अवस्थेत त्यानं युद्ध संपेपर्यंत दीड हजारांच्या आसपास सैनिक आणि शेकडो टन सामान वाहिलं. एका फेरीत, क्षमतेच्या बरंच वर जाऊन, ८१ सैनिक कोंबले होते. निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये ते कॉसफर्डच्या हवाईदल संग्रहालयात गेलं.

उरलेल्या सैन्याला चालावं लागलं. २७ मेला पॅराशूट रेजिमेंटचे आणि मरीन कमांडोंचे जवान पाठीवर ३५-४० किलोचं ओझं घेऊन सॅन कार्लोसहून पायी निघाले. दलदल, गवताची ढेकळं, पाऊस, बर्फ. राजधानी स्टॅनलेपर्यंत नव्वदेक किलोमीटर. दुसऱ्या एका तुकडीला समुद्रामार्गे न्यायचं ठरलं आणि ८ जूनला 'सर गॅलाहॅड' जहाजावर बॉम्ब पडून ४८ जण गेले. चिनूक असती तर गॅलाहॅड घडलंच नसतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ते मला अर्धंच पटतं. माणसं उतरवण्यात झालेला उशीर, हवाई संरक्षणाचा अभाव, आदेशांचा गोंधळ ही कारणंही तितकीच खरी. पण हेलिकॉप्टरांच्या टंचाईनं सगळ्या योजनेची मान पिरगळली होती, यात शंका नाही. १४ जूनला अर्जेंटिनाच्या सैन्यानं शरणागती पत्करली.

युद्धानंतर ब्रिटिश या जहाजांकडे पुन्हा वळले. 'ॲस्ट्रोनॉमर' या कंटेनर-जहाजावर एका अमेरिकी पद्धतीनं जोडता-काढता येणारा उड्डाण-डेक बसवला, त्याला 'रिलायंट' नाव दिलं, आणि लेबनॉनच्या किनाऱ्यावर पाठवलं. प्रयोग फार टिकला नाही. क्युनार्डच्या बुडालेल्या जहाजाच्या जागी दुसरं बांधलं गेलं, त्याच स्वॉन हंटरच्या गोदीत. नावही तेच, अटलांटिक कन्व्हेयर. त्यानं कंटेनर नेले.

फॉकलंडला जाऊन आलेलं आणखी एक कंटेनर-जहाज होतं, 'कंटेंडर बेझंट'. १९८१ मध्ये इटलीत बांधलेलं. युद्धात त्यानंही हॅरियर आणि हेलिकॉप्टरं वाहिली होती. सरकारनं ते १९८४ मध्ये विकत घेऊन बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत दिलं. हँगर आणि लिफ्ट बसवल्या, उड्डाण-डेक बांधला, आणि माल नसताना हलकं झालेलं जहाज समुद्रात नीट डोलावं म्हणून वरती वजन चढवलं. १९८८ मध्ये ते सेवेत आलं, तेव्हा त्याला १९१८ मधल्या पहिल्या इटालियन सांगाड्याचं नाव दिलं, आर्गस. कन्व्हेयरला दहा दिवस मिळाले होते. त्याच कामाला शांततेत, शिकल्यावर, चार वर्षं लागली.